उन्हाकडे पाठ

पोरगी सुरक्षेचा पट्टा न बांधताच छपरावर चढली असेल, ही धास्ती आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना डोळ्यांसमोर एकच चित्र: तापलेला पत्रा आणि त्यावर आपली खारूताई.

खारूताई हे घरातलं नाव. सातव्या वर्षी ती पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली होती. उतर म्हटलं तर म्हणाली, "इथून जास्त दिसतं." बाराव्या वर्षी मिक्सर खोलला. तो पुन्हा चालू झाला, पण दोन स्क्रू उरले. बाबा अजून पाहुण्यांना ते स्क्रू दाखवतात. पुढे ती सौर पॅनेलं बसवायला शिकली आणि काही देशांनी मिळून काढलेल्या एका योजनेत निवडली गेली. एकानं पॅनेलं द्यायची, दुसऱ्यानं बॅटऱ्या, आणि आपल्यासारख्यांनी काम शिकवणारी माणसं. तिच्या वाट्याला विषुववृत्तापलीकडचा एक देश आला, तिथला छोटा दवाखाना आणि काम शिकणाऱ्या सहा बायका.

आईनं मात्र कुणाला न सांगता आपल्या धाकट्या भावाच्या कानावर घातलं होतं, "तुझ्या ऑफिसात तिच्यासाठी एक जागा धरून ठेव." मामानं ती धरली होती, या शनिवारपर्यंत.

गुरुवारी सकाळीच लेकीचा फोन आला. आवाज रडवेला.

"आई, मी परत येते."

"पडलीस का?"

"पडले असते तर बरं झालं असतं गं!"

मग हळूहळू उलगडलं. आपल्याकडे पॅनेलाचं तोंड दक्षिणेला ठेवतात. शंभरेक छपरांवर तिनं तेच केलेलं, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळायचे. तिथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणजे तोंड उत्तरेला हवं. परीक्षेत तिनं हे लिहिलंही होतं, पण छपरावर हातांनी जुनाच हेका धरला. त्यात तिथे हिवाळा. बॅटऱ्या भरेनात आणि लसींचा फ्रिज पहाटे बंद पडायला लागला.

चूक पकडली ती तिथल्या नर्सबाईंनी. "मी चादरी या बाजूला वाळवते, ऊन इकडे असतं. तुमच्या काचा उन्हाकडे पाठ करून बसल्यात. भांडण झालंय की काय?"

"लसी?" आईनं विचारलं.

"वाचल्या. नर्सबाईंनी बर्फाच्या पेट्यांत भरून मोठ्या दवाखान्यात पाठवल्या. पण सहाजणींसमोर मीच उलटं बसवलं. आता माझ्याकडून कोण शिकेल?"

'ये' हा शब्द आईच्या अगदी ओठांवर आला होता. जागाही तयार होती. पण बाहेर पडलं ते भलतंच, "आधी ते सरळ कर. मग बोलू."

फोन ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. शुक्रवारभर ती घड्याळाकडे बघत होती. शेवटी बाबा म्हणाले, "अगं, डोळे वटारून ते जोरात पळत नाही."

शनिवारी दुपारी फोन वाजला.

"झालं, आई! चोवीसच्या चोवीस फिरवली, आम्ही सातजणींनी मिळून. चूक माझी, हे आधी सगळ्यांना सांगून टाकलं. तर त्यांनी काय काढलं माहितीये? आता कामाला हात लावण्याआधी अंगणात काठी रोवायची, भर दुपारी तिची सावली बघायची, आणि पॅनेलाचं तोंड सावलीच्या उलट बाजूला. योजनेच्या ऑफिसानं हे बाकीच्या देशांनाही कळवलंय."

"आणि फ्रिज?"

"रात्रभर चालला. लसी सोमवारी परत येणार."

"पट्टा बांधतेस ना?"

"बांधल्याशिवाय नर्सबाई शिडीच देत नाहीत. तुझी सख्खी बहीण शोभतील!"

आई इतकी मोकळी हसली की बाबा स्वयंपाकघरातून डोकावले. पलीकडून कुणीतरी लेकीला हाक मारली. "आले, आले!" म्हणत तिनं घाईघाईत फोन ठेवला. परत येण्याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती.

आईनं फोन हातातच धरून ठेवला. मग मामाला आत्ताच फोन करायचा, असं तिनं ठरवलं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणायचं. आणि आपण ती मागितली होती, हे खारूताईला कळता कामा नये, हेही बजावायचं.