दीर्घिकासमूहाची कड

मी डूख धरणारी बाई आहे. आई म्हणते, सोडून दे. मी सोडत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते माझे पीएचडीचे मार्गदर्शक. आम्ही त्यांना सर म्हणायचो, आणि अजूनही तोंडातून सरच येतं, याचाही मला राग येतो.

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत मी साडेचार वर्षं एका दीर्घिकासमूहाबरोबर काढली. अशा समूहात आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका एकत्र असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. तो साध्या प्रकाशात दिसत नाही, क्ष-किरणांत दिसतो. क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण अवकाशात ठेवतात आणि तिने टिपलेलं आमच्या लॅपटॉपवर येतं. समूहाच्या मधोमध उजेड भरपूर. कडेला मात्र इतका मंद, की तो वायूचा की आभाळभर पसरलेल्या क्ष-किरणांच्या पार्श्वभूमीचा, हे कळत नाही. ही पार्श्वभूमी बरीचशी दूरदूरच्या कृष्णविवरांभोवतीच्या उजेडाची. त्यातले जे ठिपके सुटे दिसतात, त्यांच्याभोवती गोल काढून ते वगळायचे. मी ते एकेक हाताने काढले. वडील गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला एका इमारतीत लिफ्टमन झाले होते. संध्याकाळी घरी आले की माझ्या मागे उभे राहायचे आणि विचारायचे, "आज किती गोल काढलंस गो?"

ठिपके गेले तरी पार्श्वभूमी उरतेच. ती वजा करायला आभाळाचा असा तुकडा लागतो जिथे समूह अजिबात नाही. दुकानदार तेल तोलताना आधी रिकाम्या डब्याचं वजन वजा करतो, तसंच हे. सरांनी समूहाच्याच चित्राचा वरचा कोपरा निवडला. त्या डब्यात आधीच तेल होतं.

मी म्हटलं, "सर, इथेही समूहाचा उजेड आहे. शेजारच्या मोकळ्या आभाळाचं निरीक्षण मिळवू या."

"तू फार खोलात जातेस," ते म्हणाले. "डेडलाइन आहे ना आपल्याला."

मी ईमेलही लिहिलं. उत्तर आलं नाही.

मग शोधनिबंध आला. समूहाच्या कडेला वायू हळूहळू विरळ न होता एकदम संपतो, असा त्याचा गाजावाजा. लेखक दोन: सर आणि त्यांचे एक परदेशी मित्र, ज्यांनी एकही गोल काढला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा. मी सगळ्यात शेवटी, आभारात होते, आणि तिथेही 'आकडेमोडीत मदत करणारी एक विद्यार्थिनी' इतकंच. नाव नाही. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव त्यांना ओळखता यायचं. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली.

"काम तुझा आणि नाव तेंचा?" ते म्हणाले. "मगे तू गप कशाक रवलंस?"

गप राहिले, कारण प्रबंधावर सही सरांची लागणार होती. सही झाली, पदवी मिळाली, मुलुंडला एका विमा कंपनीत नोकरी लागली. त्या नोकरीत मला कोणी ओरडत नाही आणि मी तिथे मरणाची कंटाळते.

पण दुर्बिणीच्या जगात एक चांगली रीत आहे. निरीक्षण मागणाऱ्याला ते साधारण वर्षभर एकट्याने वापरता येतं, मग ते सगळ्यांना खुलं होतं. आमच्या समूहाशेजारचं मोकळं आभाळ दुसऱ्याच कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी टिपलं होतं, ते खुलं झालं. मी रविवारमागून रविवार बसले आणि खरी पार्श्वभूमी वजा केली. ती एकदम तुटणारी कड नाहीशी झाली. सरांनी समूहातून समूहच वजा केला होता. मी उठले, चहा केला आणि एकटीच हसत प्यायले.

माझी मैत्रीण म्हणाली, "सरळ मेल टाक ना त्यांना. कशाला वाढवतेस, यार?"

मला त्यांचा चेहरा बघायचा होता. आणि मला त्यांची एक सवय पाठ होती. दर सोमवारच्या बैठकीत काही चांगलं निघालं की ते 'आपण' केलेलं असे, आणि चूक निघाली की ती विद्यार्थ्याची. त्या सवयीवर मी सगळी भिस्त ठेवली.

अंधेरीच्या एका कॉलेजात संशोधकांचं संमेलन होतं. सर त्या कडेबद्दलच बोलले, झकास बोलले. प्रश्नांच्या वेळी मी मागच्या रांगेतून उठले आणि पार्श्वभूमीचा तुकडा कुठला घेतला होता, असं विचारलं. त्यांनी मला ओळखलं. अध्यक्षबाई या विषयात मुरलेल्या होत्या. मी पुढे जाऊन माझा आलेख त्यांच्या हातात दिला आणि मागच्या रांगेत परतले. त्यांनी तो पाहिला, मग पडद्यावरचा वरचा कोपरा पाहिला आणि म्हणाल्या, "इथे तर समूह आहे. हे सुटलं कसं?"

सरांनी घाम पुसला. "या निरीक्षणांचं सगळं काम," ते म्हणाले, "अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, तेव्हाच्या माझ्या विद्यार्थिनीने केलं होतं. मी फक्त निष्कर्ष लिहिले."

याच वाक्यासाठी मी आले होते.

"सगळं काम तिचं होतं, तर लेखकांत तिचं नाव का नाही, सर?" मी विचारलं. "आणि हा कोपरा घेऊ नका, असं तिने लिहिलेलं ईमेल माझ्याकडे आहे."

मला वाटलं होतं, आता थोडी कीव येईल. नाही आली. सर पाण्याची बाटली उघडत होते आणि ती उघडत नव्हती, ते मी मन भरून पाहिलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "कोण होती ती विद्यार्थिनी?"

सरांनी मान खाली घालून माझं नाव घेतलं, आडनावासकट. माइक त्यांच्या तोंडापासून लांब होता.

"सर," मी म्हटलं, "मागे ऐकू आलं नाही."