गहिनीनाथने नापास केलेले तीन मायक्रोमीटर

नागापूरच्या एका कारखान्यात गहिनीनाथ पंधरा वर्षं माल तपासत होता, म्हणजे रोज कुणाचा ना कुणाचा दिवस खराब करत होता. ऑपरेटर भीमा चकचकीत शाफ्ट घेऊन यायचा. गहिनीनाथ जाडी मोजायला मायक्रोमीटर लावायचा, दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, जास्त भरले की नापासाचा लाल रंग फासायचा आणि वर ऐकवायचा, "दिसण्यावर पास करायला हा काय लग्नाचा फोटो आहे?"

अशा काटेकोर माणसाच्या उजव्या डोळ्याला आतून सूज आली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि त्या मनाने बंद करू नका, असं दोनदा बजावलं. तीन आठवड्यांत लाली गेली. गोळ्यांनी गाल मात्र फुगले. गहिनीनाथने आरशात बघून डोळा पास केला आणि गोळ्या थांबवल्या. आरसा हे मोजमापाचं साधन आहे, हा शोध त्याचाच.

महिन्याभरात मायक्रोमीटरवरच्या रेघा वाकड्या दिसू लागल्या. त्याने 'सदोष'चा कागद चिकटवून मायक्रोमीटर नापास केला. दुसराही वाकडा निघाला. तिसराही. तेव्हा भीमानेच त्याला गाडीवर मागे बसवून नगरला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आणलं.

स्कॅन काढणाऱ्या उझ्माने त्याची हनुवटी टेकवून घेतली. मशीनवर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा काप उमटला. मधली जाडी चारशे वीस मायक्रॉन. असायला हवी होती साधारण दोनशे साठ.

"मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालंय?" गहिनीनाथने विचारलं.

उझ्माने मशीनवरच्या अचूकता-तपासणीच्या स्टिकरकडे बोट दाखवलं. मागच्याच महिन्याची तारीख होती. मग त्याने नियमाप्रमाणे तीन रीडिंग मागितली. चारशे वीस, चारशे एकोणीस, चारशे एकवीस. इतकं नेमकं मोजणारं यंत्र त्याच्या कारखान्यात असतं, तर त्याने त्याला हार घातला असता.

"पण बाहेरून डोळा स्वच्छ आहे," तो म्हणाला.

दाराशी उभा असलेला भीमा पंधरा वर्षं याच वाक्याची वाट बघत असावा. शांतपणे म्हणाला, "साहेब, दिसण्यावर पास करायला ह्यो काय लग्नाचा फोटो हाय?"

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन पाहून सांगितलं, सूज अशीच राहिली तर रेघा कायमच्या वाकड्या. मग तपासणीची नोकरीही गेलीच. गहिनीनाथने त्यांच्यासमोरच गोळी गिळली.

दोन महिन्यांनी आकडा दोनशे ऐंशीवर आला, रेघा सरळ झाल्या. कारखान्यात कुणी बघत नाही असं पाहून त्याने तिन्ही मायक्रोमीटरवरचे 'सदोष'चे कागद काढले. वळून बघतो तर भीमा उभा, पुढ्यात डोळा बिघडला होता त्या महिन्यातल्या लाल शाफ्टचा ढीग.

"आता ह्ये बी परत मोजा," भीमा म्हणाला.

गहिनीनाथ मोजायला बसला.