बंद इंजिनाचा दाब

बुधवार, ५ ऑक्टोबर २०११, डिचोली. सकाळी ऊन, दुपारनंतर ढग. खंडेनवमी. शिवणयंत्र, विळी आणि कात्री पूजेला मांडली. पाववाला पोदेर आला नाही. दुपारी भिंतीपलीकडच्या ट्रकयार्डात मारामारी. बाबाजी ड्रायव्हरच्या बरगड्या मोडल्या, गुरुदास मेकॅनिकची दोन बोटे चिरडली. पोलिसांना फोन मी केला. फाटकापासूनचे रक्त शेवंतीने आणि मी धुतले.

गुरुदास आता हरमलला स्कूटर आणि मोटारसायकली दुरुस्त करतो. तेव्हा तो आमच्या आवारातल्या शेडमध्ये ट्रकांची इंजिने बघत असे. मूळचा पेडण्यातल्या हळर्णचा. आधी तुयेच्या कारखान्यात होता. खाणींना तेजी आली आणि डिचोलीत जो तो खनिज वाहणारा टिपर ट्रक घेऊ लागला, तेव्हा इकडे आला. पहिल्याच वर्षी टायरमध्ये हवा भरताना लोखंडी रिंग उडाली. शेजारी उभ्या माणसाचे कपाळ फुटले आणि तो जागीच गेला. त्या दणक्यात गुरुदासचा उजवा कान बहिरा झाला. तेव्हापासून तो साधे “माई, पाणी घेतलें हां” हेसुद्धा भांडल्यासारखे ओरडून सांगे. शेवंती, माझी कामवाली, म्हणायची, “ह्याचा प्रेम पण शेजाऱ्यांका ऐकू जातला.”

भिंतीपलीकडचे यार्ड रघुनाथचे. त्याचे पाच टिपर. ड्रायव्हर त्याला पात्रांव म्हणत, मालक या अर्थाने, आणि त्याला घाबरत. खनिजाच्या फेऱ्यांसाठी रस्त्यावर रोज शर्यत असे. ट्रक ट्रकाला घासत, माणसे खाली उतरून स्पॅनर उगारत. रघुनाथने एकदा आपल्याच ड्रायव्हरचे दात पाडले होते, कारण त्याने दुसऱ्याला पुढे जाऊ दिले. पाडलेले दात त्याने यार्डाच्या भिंतीवर ठेवले, बाकीच्यांनी बघावेत म्हणून. पुढे ते पावसाने वाहून गेले.

मागच्या हंगामात बाबाजीच्या ट्रकाचा टर्बो फुटला. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. डिझेल पंपाचा स्क्रू पिळला की ट्रक चढावर पुढे निघतो, हवेचा दाब वाढतो आणि एक दिवस टर्बो जातो. रघुनाथने सरळ गृहीत धरले की बाबाजी चोरून स्क्रू पिळतो. बाबाजी मूळचा बांद्याकडचा, शांत, बायको सरस्वती आणि आई गावी. तो शपथा घेत राहिला. असा शिक्का बसलेल्या ड्रायव्हरच्या हाती डिचोलीत कोणी स्टिअरिंग देत नसे.

“माणूस खोटा सांगता, यंत्र नाय,” असे म्हणून रघुनाथने गुरुदासला बाबाजीच्या ट्रकाचा दाब मोजायला लावले.

गुरुदासने जुन्या बाजारातून दाब दाखवणारे मीटर आणले. त्याची तबकडी फुटकी होती, म्हणून नुसता सेन्सर घेतला. पितळेचा, अंगठ्याएवढा. ट्रकाला नवा टर्बो घातल्यावर तो इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर बसवला. त्याच्या तीन वायरी. एकीतून वीज जाते, दुसरी अर्थिंगची, तिसरीतून दाबाप्रमाणे कमीजास्त व्होल्टेज येतो. ही तिसरी वायर एका छोट्या डबीत आणि डबी लॅपटॉपला. मग प्रोग्रॅमला शिकवावे लागते की व्होल्टेज इतका आला तर दाब इतका समज. ते आकडे दुकानदाराने तोंडीच सांगितले होते. सगळे जोडून झाल्यावर पडद्यावर हिरवी रेघ चालू लागली आणि गुरुदास इतका ओरडला की माझी मांजर पळाली.

असे काही बसवले की आधी चावी अर्धी फिरवतात आणि इंजिन बंद असताना रेघ शून्यावर आहे ना ते बघतात. रघुनाथच्या यार्डात मात्र अर्धी चावी चालत नसे. चावी फिरवली की इंजिन सुरू झालेच पाहिजे. अर्ध्यावर थांबलेला ट्रक घात करतो, अशी त्याची समजूत. ड्रायव्हरांचीही तीच, आणि खरे तर गुरुदासचीही. त्यामुळे त्याने लॅपटॉप नेहमी चालत्या इंजिनावरच जोडला. रेघ हद्दीच्या बरीच वर चढली. रघुनाथ म्हणाला, “पूजा होऊं दी. मागीर बघतां.”

खंडेनवमीला यंत्रे विश्रांतीला असतात. इंजिन सुरू करायचे नाही. पण आरतीच्या वेळी पाचही ट्रकांचे दिवे लावायची यार्डाची रीत होती, आणि त्या एका दिवशी अर्ध्या चावीला मुभा होती. आरती झाली, प्रसाद वाटला. मी माझ्या अंगणातून, भिंतीवरून, नारळाची शकले घेतली. तेवढ्यात रघुनाथ गुरुदासला म्हणाला, “केबिनीत चड आनी ती रेघ काड. सगळ्यांका दाखय.”

त्याचा मेहुणा शांताराम याने बाबाजीला मागून धरले. रघुनाथने जुना फॅनबेल्ट घेतला.

“स्क्रू कोणी पिळलो?”

“माका म्हायत ना, पात्रांव. देवाशपथ.”

“देव आज झेंडूखाली न्हिदला. माका सांग.”

पहिला फटका तोंडावर बसला. ओठ फाटला. मग पाठीवर, मानेवर. बाबाजी खाली पडला तेव्हा शांतारामने बुटांनी बरगड्यांत मारले. मोडल्याचा आवाज मी भिंतीअलीकडून ऐकला. बाकीचे ड्रायव्हर हातात प्रसाद धरून उभे होते. मी फोन करून परत आले तेव्हाही मार चालूच होता, आणि बाबाजी ओरडायचा थांबला होता.

केबिनचे दार उघडले. “सोड त्याका!” गुरुदास ओरडला. “चूक माजी! मापच चुकलां!”

“तुका त्याणें पाजली काय रे, भोंगो?” रघुनाथने विचारले.

“हांगा येवन पळय! इंजिन बंद आसा मरे! तरीय रेघ वयर!”

त्याने लॅपटॉप दाराशी धरला. ड्रायव्हर पुढे सरकले. ट्रक मुका होता, आणि तरीही रेघ शून्याच्या बरीच वर होती. सेन्सर आपल्या भोवतालच्या हवेचा दाबही धरून मोजत होता. तेवढा वजा केला तर बाबाजीच्या ट्रकाचा दाब प्रत्येक वेळी हद्दीच्या आतच होता. कोणीतरी हलकेच म्हणाले, “आनी ह्याका मारून टाकलो आमी.”

हे ऐकताच रघुनाथने केबिनचे दार दोन्ही हातांनी आपटले. गुरुदासचा डावा हात चौकटीवर होता. दार लागले नाही. त्याने ते पुन्हा आपटले.

मग ड्रायव्हर तुटून पडले. रघुनाथला त्यांनी केसांना धरून खाली ओढले, त्याच बेल्टने मारले, टिपरच्या काचा जॅकच्या दांड्याने फोडल्या. शांताराम भिंत चढून पळताना माझ्या तुळशीवर पडला. त्याला तिथे दोघांनी लाथाडले. पोलीस आले तेव्हा रघुनाथचा एक डोळा मिटला होता आणि तो अजून शिव्या देत होता.

गुरुदास चाकाला टेकून बसला होता. हात त्याने पूजेच्या लाल कापडात गुंडाळला होता, म्हणून रक्त लगेच दिसले नाही. मी विचारले, “दुखते का रे?” नेहमीसारखा ओरडून तो म्हणाला, “माई, तो जितो आसा मगो?”

“आहे.”

“कोणाक तरी सांग, स्क्रू त्याणें पिळूंक ना.”

“सगळ्यांनी ऐकले,” मी म्हटले.

गुरुदासला म्हापशाच्या इस्पितळात ठेवून घेतले; बोटे वाचणार नाहीत असे तिथे सांगितले. बाबाजीला छातीला पट्टे बांधून संध्याकाळी सोडले. त्याला घेऊन जायला सरस्वती दुसऱ्या दिवशी यायची होती, म्हणून तो आमच्या ओसरीवर झोपला. इतर यार्डांतले दोन मालक विचारपूस करायला आले आणि बरा झालास की कामाला ये म्हणून सांगून गेले.

माझ्या रोजनिशीत त्या संध्याकाळची शेवटची ओळ अशी आहे: पेज अळणी केली, बाबाजीच्या ओठांना मीठ झोंबते.