इकडे कढी नाही आली

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात हे गृहस्थ मला दरवर्षी भेटतात. नाव पहिल्या भेटीत विचारलं नाही, आता विचारायची लाज वाटते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "काय समजलात?"

त्या वर्षी पास झालेल्यांनी मेळाव्याच्या पंगतीत वाढायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या वेळी माझ्या हातात सोलकढीची किटली आली. परक्याशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटायचा, आणि हे सारखे हाका मारत, "ओ ताई, इकडे कढी नाही आली. काय समजलात?" शेवटी त्यांच्या शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझा विषय विचारला. जूनमध्ये मी त्यांच्या शाळेत शिकवायला लागले. नोकरी माझ्या हुशारीवर मिळाली आणि हा माणूस हावरट, अशी माझी पक्की समजूत. एवढी हुशार मी.

यंदा माझी नात याच कॉलेजातून पदवीधर झाली. नोकरी हवी, पण तोंड उघडेल तर शपथ. किटली घेऊन खांबाआड उभी. पंगतीत गृहस्थांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आंब्याच्या कॅनिंग कारखान्याच्या मालकीणबाई. गृहस्थांनी आपली भरली वाटी गुपचूप माझ्या पेल्यात ओतली आणि हाक मारली, "ओ ताई, इकडे कढी नाही आली."

नात आली, वाढून गेली. पुन्हा वाटी माझ्या पेल्यात, पुन्हा हाक. आता मालकीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

नात माझ्या कानाशी वाकली. "आजी, हे आजोबा किती कढी पितात गं."

"पिऊ देत. तू येत राहा," मी म्हटलं. मग पेला एका दमात रिकामा केला आणि गृहस्थांच्या वाटीजवळ सरकवला.