बॅग उघडायची नाही

आंबिवलीच्या चाळीत मंजुळा गमरेच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक फोटो टांगलेला असे. फोटोत तिचा नवरा दौलत, अंगावर शाल, हातात नारळ, शेजारी पोलीस साहेब. दौलतचा चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं यालाच पकडून आणलंय. रिक्षात विसरलेली एका बाईची पर्स त्याने त्याच दिवशी चौकीवर नेऊन दिली होती, त्याचा हा सत्कार.

पण पर्स हातात पडताच त्या बाईने विचारलं होतं, "उघडली होती का?" पत्ता बघायला दौलतने ती उघडली होती. तो प्रश्न त्याच्या जिव्हारी लागला. रिक्षा स्टँडवरच्या पंढरीने तेव्हाच बजावलं, "परक्याची बॅग उघडायचीच नाही रे. बंद आली, बंद द्यायची." दौलतने खूणगाठ बांधली, आणि तिथेच फसला.

एका संध्याकाळी कुणी कॉलेजचा पोरगा रिक्षात सॅक विसरून उतरला. दौलतला ती घरी आल्यावर दिसली. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा, पायलचा वाढदिवस होता आणि केक खोळंबला होता. "सकाळी नेऊन द्या, पोर कधीची थांबलीय," मंजुळाच म्हणाली. सॅक तशीच बंद कपाटावर गेली. पायलच्या गालाला क्रीम लागलेलं होतं तेव्हाच पोलीस दारात आले. सॅकमध्ये एमडी निघाली, नशेची पावडर, चांगली मोठी पुडी. तो पोरगा पुढे कुठेतरी पकडला गेला होता आणि त्याने रिक्षाचा नंबर देऊन सांगून टाकलं होतं, माल रिक्षावाल्याचा आहे.

आता न्याय बघा. ज्याची सॅक होती त्याच्या अंगावर काही सापडलं नाही, म्हणून तो जामिनावर बाहेर. ज्याच्या कपाटावर सापडली तो आत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक हसत हसत म्हणतात. मंजुळाने ती फाशी स्वतःच्या घरात बघितली, तिला हसू कुठून येणार?

वकीलबाई मेघना भली होती. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, "ताई, या कायद्यात सगळं उलटं आहे. माल सापडला की माणसाला माहीत होतं असंच धरतात. माहीत नव्हतं, हे त्यानेच सिद्ध करायचं. आणि इतक्या मालाला जामीन मिळणं फार कठीण."

"नव्हतं ते दाखवायचं कसं, मॅडम?"

मंजुळाने घरी येऊन तो फोटो भिंतीवरून उतरवला आणि पदराने पुसून मेघनाच्या हवाली केला. आपला माणूस कसा आहे ते पोलिसांनीच शाल घालून सांगितलंय, अजून काय पाहिजे, असं तिला वाटलं.

जामिनाच्या दिवशी सरकारी वकिलाने तो फोटो बघितला आणि त्याचा चेहराच खुलला. "म्हणजे सापडलेल्या बॅगेचं काय करायचं, हे आरोपीला पक्कं ठाऊक होतं. मग ही बॅग लगेच चौकीवर का नाही नेली?" केक कापायचा होता म्हणून, हे मंजुळाच्या ओठावर आलं. पण जामीन नाकारायला केकपेक्षा वजनदार शब्द कोर्टाकडे तयार होते.

मग तारखा सुरू झाल्या. मंजुळा मानपाड्याच्या कंपनीत पॅकिंगला जायची. तारखेला खाडा करून कोर्टात बसायची, तर कळायचं, आज आरोपींना आणायला पोलीसच नाहीत. माणसाला उचलायला गाडीभर पोलीस आले होते, त्याला न्यायाधीशासमोर उभा करायला एक मिळेना! भेटीला गेली की काचेपलीकडे दौलत फोन कानाला लावून सांगायचा, "कुशीवर झोपतो गं. पाठ टेकायला जागाच नाही." त्याची जप्त केलेली रिक्षा चौकीच्या आवारात उन्हापावसात गंजत पडली. पायल शाळेत सांगायची, बाबा गावी आहेत. तिसरीत होती तेव्हापासून सातवीत जाईपर्यंत तिचे बाबा गावीच होते.

सुटला तो कशामुळे? स्टेशनबाहेरच्या कॅमेऱ्यात तो पोरगा सॅक घेऊन रिक्षात चढताना दिसत होता आणि पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात उतरताना मोकळ्या हाताने. ते चित्रण पहिल्या आठवड्यापासून पोलिसांकडे पडून होतं. खटला उभा राहून ते लावून बघायला चौथं वर्ष उजाडलं. निर्दोष, म्हणाले. चुकलं आमचं, असं कुणीही म्हणालं नाही. तेवढ्याने कुणाची जीभ झडली असती?

दौलत आता पंढरीची रिक्षा चालवतो. परवा कामावरून परतताना मंजुळा कल्याणला त्याच्या रिक्षात बसली, तर पायाला एक कापडी पिशवी लागली. ती वाकलेली दौलतला आरशात दिसली आणि त्याने करकचून ब्रेक मारला. खाली उतरून त्याने पिशवी पायानेच बाहेर ढकलायला सुरुवात केली. हात लावेना.

"अहो, काय करताय?"

"राहू दे तिथंच. मला काय माहीत नाय."

पिशवीच्या तोंडातून एक्स-रेचं पाकीट डोकावत होतं. कुणा पेशंटची असणार. हाच माणूस पर्स द्यायला उपाशीपोटी चौकीवर गेला होता. मंजुळाचं डोकं सणकलं, त्याच्यावर नाही, ज्यांनी त्याला असा करून ठेवला त्यांच्यावर. तिने पिशवी छातीशी धरली. "चौकीवर चला."

चौकीसमोरच्या रस्त्याला त्याने तिला उतरवलं. रिक्षा चालूच होती.

आत तरुण साहेब होता. खूश झाला. "अशी माणसं पाहिजेत. रिक्षावाल्याला बोलवा, सत्कार करू, फोटो काढू."

"एकदा काढलाय," मंजुळा म्हणाली. "तोच कोर्टात त्याच्यावर उलटवला तुमच्या लोकांनी. फोटो नको, साहेब. ही माझ्यासमोर उघडा, आत काय आहे ते लिहा आणि सही करून मला द्या. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

साहेबाने कोरा कागद पुढे ओढला आणि पिशवीची गाठ सोडली.

कागद घेऊन ती बाहेर आली तेव्हा समोर रिक्षा नव्हती. दौलत पार पुढच्या वळणावर जाऊन थांबला होता, चौकीकडे पाठ करून.