चौदा नंबरचे होम्मासान

जपानमधल्या निइगाता शहरातल्या त्या शांत गल्लीच्या तोंडाशी मोठं हॉस्पिटल होतं, म्हणून ते कॅप्सूल हॉटेल चालायचं. भिंतीलगत झोपण्यापुरत्या खणांच्या एकावर एक दोन रांगा. प्रत्येक कॅप्सूलमध्ये एक गादी, एक दिवा, एक पडदा. सकाळी दहाला सगळ्यांनी बाहेर पडायचं, चारनंतर परतायचं. मधल्या वेळात साफसफाईवाली इताबाशी कात्सुको चादरी बदलायची.

होम्मासान फेब्रुवारीत तीन दिवसांसाठी म्हणून आले. सादो बेटावर त्यांची नाशपतीची बाग होती. वय शहात्तर. बायको सुमिए हॉस्पिटलात. तीन दिवसांचे चार महिने झाले आणि खालच्या रांगेतलं चौदा नंबर त्यांचंच होऊन गेलं.

"होम्मासान, आता तुमच्या नावाची पाटी लावायची का दारावर?" कात्सुको चिडवायची.

"आधी दार तर बसवा. नुसता पडदाच आहे."

रोज सकाळी बायकोचे धुतलेले कपडे रुमालात बांधून ते निघत. संध्याकाळी न विचारता सांगत, "आज दोन घास पेज खाल्ली. ओरडलीसुद्धा माझ्यावर, दाढी नीट केली नाही म्हणून."

जूनमधल्या एका सकाळी दहा वाजून गेले तरी चौदा नंबरचा पडदा उघडला नाही. कात्सुकोने हाक मारली. होम्मासान तापाने फणफणले होते. "लॉकरमध्ये गोळ्या आहेत," एवढं म्हणून त्यांनी किल्ली पुढे केली.

लॉकरमध्ये गोळ्यांची पट्टी होती आणि तिच्यामागे पांढऱ्या कापडात बांधलेली चौकोनी पेटी. आठ वर्षांपूर्वी आईच्या अस्थी कात्सुकोने अशाच पेटीतून घरी नेल्या होत्या. तिला काही सांगावं लागलं नाही.

गोळी देऊन ती तिथेच जमिनीवर बसली. "कधी झालं?"

"वीस मेला."

"मग रोज कुठे जात होतात?"

"हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर बसतो. भेटायची वेळ संपली की उठतो."

"आणि ते दाढीवरून ओरडणं?"

"ते मागच्या वर्षीचं."

"घरी का नाही गेलात हो?"

"त्या घरात सगळं दोघांच्या मापाचं आहे. इथे एकच माणूस मावतं, म्हणून शेजारी कुणी नाही हे जाणवत नाही."

ती उठली. नऊ नंबरची चादर काढता काढता तिला रडू फुटलं. होम्मासान दिवसभर आतच आहेत हे तिने मॅनेजरला कळू दिलं नाही.

ताप उतरल्यावर ती म्हणाली, "बुधवारी माझी सुट्टी आहे. सकाळच्या बोटीने आपण सादोला जाऊ."

"तुम्ही कशाला?"

"मला बेट बघायचंय."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"तुम्हाला मात्र फार छान येतं."

ते हसले.

बोटीत पेटी त्यांच्या मांडीवर होती. घराच्या अंगणात पोचल्यावर मात्र त्यांचा पाय पुढे पडेना. खिडक्यांच्या फळ्या कात्सुकोनेच सरकवल्या. स्वयंपाकघरात खिळ्याला सुमिएचा एप्रन अडकवलेला होता. कॅलेंडर फेब्रुवारीवरच थांबलं होतं. होम्मासाननी पेटी बैठ्या टेबलावर ठेवली आणि ते तिथेच मोठ्याने हुंदके देत रडले. कात्सुकोने त्यांना थांबवलं नाही.

नंतर तिने चहा केला. फडताळात दोनच कप होते. "यातला तुमचा कोणता?"

"निळा," ते म्हणाले. "पण आज तिच्या कपात द्या."

संध्याकाळच्या बोटीने ती परतली.

सप्टेंबरात हॉटेलवर नाशपतीची पेटी आली. प्रत्येक फळ कागदात गुंडाळलेलं. जानेवारीत सादोहून त्यांच्या शेजारणीचं कार्ड आलं. होम्मासान गेले होते, घरातच, झोपेत. सकाळी खिडक्यांच्या फळ्या उघडल्या नाहीत म्हणून शेजारणीला कळलं.

कार्ड वाचून कात्सुको चौदा नंबरची चादर बदलायला गेली. त्यांना घरी नेऊन पोचवलं हे चांगलं केलं की वाईट, ते तिला कधीच ठरवता आलं नाही.