वसुधाताईंच्या नावाचं प्लगइन

सकाळी वसुधाताईंना कामावरून काढलं, तेव्हा ऑफिसच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळे सर्व्हर हिरवेगार होते. दुपारी साहेबांच्या सांगण्यावरून मी ताईंचं लॉगिनचं खातं बंद केलं आणि स्क्रीन लालभडक झाली. सर्व्हर ठीक होते. त्यांच्यावर नजर ठेवणारं प्लगइन ताईंच्या खात्यावरून चालायचं, तेच अडलं होतं. यंत्राला निदान त्यांचं नाव पुसल्याचं तरी जाणवलं. आमच्या खोलीत सकाळपासून कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"फोन लाव तिला," साहेब म्हणाले. "स्पीकरवर."

मी ताईंना एरर वाचून दाखवली.

"प्लगइनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये माझं नाव आहे," त्या म्हणाल्या. "ते काढून तुझं घाल. मग प्लगइन पुन्हा चालू कर."

मी तसं केलं. स्क्रीनवरचा एकेक चौकोन हिरवा होत गेला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"झालं का रे नीट?" ताईंनी काळजीने विचारलं.

साहेबांनी माझ्यासमोरून हात पुढे केला आणि फोन कट केला.